रात्रभराची वीज : हिंदमाताजवळच्या एका घरातील बॅटरीच्या प्रकल्प नोंदी

रविवार, २ मार्च २०२५

या वहीत यापुढे फक्त बॅटरीच्या कामाच्या नोंदी करायच्या आहेत. गेल्या डिसेंबरपासून आईला रात्री झोपताना मिनिटाला दोन लिटर ऑक्सिजन लागतो आणि तो देणारे कॉन्सन्ट्रेटर यंत्र विजेवर चालते, त्यामुळे ‘लाईट गेली तर पाहू’ हे आमच्या घरातले जुने धोरण आता चालण्यासारखे नाही. इमारत दादर पूर्वेला, हिंदमाताच्या सखल भागात आहे. तिसऱ्या मजल्यावर असल्याने आमच्या घरात पाणी येत नाही. परंतु मीटरची खोली तळमजल्यावर आहे, रस्त्यावर पाणी चढू लागले की सुरक्षिततेसाठी पुरवठा बंद करावा लागतो, आणि पाणी ओसरून ती खोली कोरडी होईपर्यंत तो परत येत नाही.

मुंबईत लाईट जात नाही, असे आम्ही बाहेरगावच्या नातेवाइकांना अभिमानाने सांगत आलो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास कळवा–पडघा या ४०० के.व्ही. वाहिन्यांवर बिघाड झाला, शहराला बाहेरच्या जाळ्यापासून अलग करून आपल्यापुरती वीज चालू ठेवण्याची जी व्यवस्था होती तीही त्या दिवशी टिकली नाही, आणि लोकल गाड्या जिथल्या तिथे उभ्या राहिल्या. तेव्हा आई ठणठणीत होती. आम्ही खिडकीत बसून गप्पा मारल्या आणि विषय तिथेच संपला.

सध्या घरात १२ व्होल्ट, १५० अँपियर-तासांची ट्यूब्युलर (शिशाची) बॅटरी आणि चौकोनी लहरीचा, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर न देणारा जुना इन्व्हर्टर आहे. कागदावर ही बॅटरी १.८ युनिटची, आयुष्य टिकवायचे तर त्यातले निम्मेच वापरावे, आणि रूपांतरातली घट धरली की हाती पाऊण युनिटच्या आसपास उरते. कॉन्सन्ट्रेटरसाठी हे नव्या बॅटरीचे जेमतेम दोन तास झाले, आणि आमची बॅटरी सहा वर्षांची आहे. शिवाय चौकोनी लहरीवर यंत्राचा कॉम्प्रेसर घुमल्यासारखा आवाज करतो व तापतो, हे काल रात्री पाच मिनिटे लावून पाहिले. पुन्हा लावणार नाही.

शनिवार, ८ मार्च

आज दिवसभर मोजमाप केले. उपकरणांवरच्या पट्ट्यांवर लिहिलेले वॅट विश्वासाने घेऊ नयेत, हा कारखान्यातल्या देखभाल विभागात शिकलेला धडा असल्याने प्रत्येक उपकरण मीटर लावून तपासले. कॉन्सन्ट्रेटर ३३० वॅट घेतो. आईच्या खोलीतला आणि हॉलमधला असे दोन जुने पंखे प्रत्येकी ७४ वॅट घेत होते. ते बदलून बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचे) पंखे लावायचे ठरवले, कारण त्याच वेगाला ते ३० वॅटच्या आसपास घेतात आणि पंखा बदलणे हे बॅटरी वाढवण्यापेक्षा नेहमीच स्वस्त पडते. एक ट्यूब २० वॅट, राउटर १० वॅट. एकूण भार ४२० वॅट, आठ तासांचे ३.३६ युनिट, इन्व्हर्टरची स्वतःची भूक आणि रूपांतरातली घट मिळवून बॅटरीतून सुमारे ३.९ युनिट निघतील.

फ्रिजसाठी वेगळा स्विच ठेवणार आहे. तो सरासरीने फारसा खात नाही, पण सुरू होतानाचा त्याचा झटका चालू भाराच्या कित्येक पट असतो, म्हणून इन्व्हर्टर ३ के.व्ही.ए.पेक्षा लहान घ्यायचा नाही. गिझर आणि एसी या यादीत नाहीत. एसीवरून मुलाशी अर्धा तास वाद झाला. दीड टनाचा एसी आणि आजीचे यंत्र एकत्र चालवले तर रात्र दोन-अडीच तासांवर येते, हे गणित त्याच्याकडूनच करून घेतले तेव्हा तो गप्प झाला.

रविवार, १६ मार्च

शिसे की लिथियम, यावर आज निर्णय झाला. रात्रीची गरज शिशाच्या बॅटऱ्यांवर भागवायची तर १५० अँपियर-तासांच्या किमान चार, त्याही निम्म्याहून थोड्या अधिक रिकाम्या करून, आणि सोय पाहायची तर पाच लागतात. एकेकीचे वजन ५०–६० किलो. भारतीय मानकाप्रमाणे राहत्या खोलीची जमीन चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो भारासाठी आखलेली असते. चार बॅटऱ्या एका कोपऱ्यात रचल्या तर तो आकडा तिथेच ओलांडला जातो, आणि आमच्या इमारतीच्या स्लॅबचे वय पन्नाशीकडे झुकलेले आहे. चार्ज होताना या बॅटऱ्यांतून हायड्रोजन निघतो, म्हणून त्यांना हवेशीर जागा हवी. आमच्याकडे हवेशीर म्हणजे गॅलरी, आणि गॅलरीत जुलैचा पाऊस आडवा येतो. वर दर दोन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर घालायचे. ते आमच्या घरात कोण घालते हे मागच्या सहा वर्षांत दिसलेच आहे.

म्हणून लिथियम आयर्न फॉस्फेट : ३.२ व्होल्टचे १६ सेल, ५१.२ व्होल्ट, १०० अँपियर-तास, म्हणजे ५.१२ युनिट, त्यातले ९० टक्के वापरण्याजोगे आणि वजन ४८ किलो. लिथियम म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे पेटलेली स्कूटर येते, आणि शेजारच्या काकूंनी तसे विचारलेही. मोबाइलमध्ये किंवा बऱ्याच वाहनांत असणाऱ्या कोबाल्ट-निकेलच्या सेलपेक्षा फॉस्फेटचा सेल बराच अधिक तापमान सहन करतो आणि बिघडला तरी त्या आवेगाने पेट घेत नाही. त्याला धोकाच नाही असे मात्र मी कुणाला सांगणार नाही. जागा ठरली ती हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत, जमिनीपासून दीड फूट वर, दाराच्या वाटेपासून दूर. जिन्यालगतच्या मोकळ्या जागेत ठेवण्याची सूचना आली होती. ती आगीच्या वेळी सगळ्यांची बाहेर पडण्याची वाट असल्याने मी नाकारली.

रविवार, २३ मार्च

सोसायटीच्या सचिवांना पत्र दिले आणि त्यांनी तोंडी होकार दिला. त्यांचा प्रश्न असा होता की, सरकारी योजनेतून गच्चीवर सोलर बसवले तर सगळ्यांचीच सोय होणार नाही का. विजेच्या बिलाची सोय होईल, हे मी मान्य केले. पण बॅटरीविना जाळ्याला जोडलेला सोलर इन्व्हर्टर लाईट गेल्याबरोबर स्वतःहून बंद होतो, भर दुपारी ऊन असले तरी. तसे नसते तर खाली तारेवर काम करणाऱ्या माणसाला आमच्या गच्चीवरून झटका बसला असता. सचिवांना हे नवीन होते.

शनिवार, १२ एप्रिल

इन्व्हर्टर आणि बॅटरी आली. परवानाधारक वायरमन दोन मदतनीस घेऊन आले. बॅटरी आणि इन्व्हर्टर यांच्यामध्ये लावायला त्यांनी नेहमीचा घरगुती एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की पडणारा खटका आणला होता, तो मी परत पाठवला. घरातल्या एसी (दिशा बदलत राहणाऱ्या) पुरवठ्यात प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्या क्षणी खटक्यातली ठिणगी विझायला मदत होते. बॅटरीच्या डीसी (एकाच दिशेच्या) प्रवाहाला असा शून्याचा क्षणच नसतो आणि ठिणगी तशीच ताणली जाऊन खटका आतून वितळू शकतो. इन्व्हर्टरचे तीन हजार वॅट ४८ व्होल्टला म्हणजे ६० अँपियरच्या वर प्रवाह. डीसीसाठीच बनवलेला फ्यूज, तोही बॅटरीच्या धन टोकाला अगदी लागून, आणि २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल यांवर तडजोड नाही. हा फ्यूज लोहार चाळीत शोधावा लागला आणि आठवडा त्यात गेला.

शनिवार, १९ एप्रिल

आज सगळे जोडून झाले, मुख्य स्विच चढवला, इन्व्हर्टरवर हिरवा दिवा आला. मग आईच्या खोलीतली ट्यूब लावली आणि घरभर अंधार झाला. आरसीसीबी, म्हणजे गळती ओळखून पुरवठा तोडणारा खटका, पडला होता. चढवला, ट्यूब लावली, पुन्हा पडला. असे सहा वेळा. ट्यूब बदलली, स्विच बदलला, तरी तेच. वायरमन म्हणाले, “ताई, हा काढूनच टाकू या. इन्व्हर्टरच्या घरांत सगळे काढतात.” ते खोटे बोलत नव्हते, बरेच जण काढतात. ज्या घरात ओल्या हातांची माणसे वावरतात तिथे हा खटका काढायचा नाही, एवढे सांगून काम थांबवले आणि जुन्या पद्धतीने सगळे पूर्ववत करून त्यांना चहा दिला.

रविवार, २० एप्रिल

सकाळी डीबी, म्हणजे घरातले सगळे खटके असलेली पेटी उघडून तारांमागे बोट फिरवत बसले आणि दुपारपर्यंत कारण सापडले. इन्व्हर्टरला जाणारी फेज (वीज आणणारी तार) आम्ही आरसीसीबीच्या आधीच्या एमसीबीवरून घेतली होती, कारण आरसीसीबी कधी उगाच पडला तरी बॅटरी चार्ज होत राहावी असा हेतू होता. दिव्यापंख्यांचा न्यूट्रल (परतीची तार) मात्र पूर्वीप्रमाणेच आरसीसीबीनंतरच्या पट्टीला जोडलेला राहिला होता. म्हणजे प्रवाह जाताना खटक्याला वळसा घालून जात होता आणि परतताना त्याच्यातून येत होता. जाणारा आणि येणारा प्रवाह सारखा नसला की पडायचे, एवढेच या खटक्याला ठाऊक. तो ३० मिलिअँपियरच्या फरकाला पडतो आणि २० वॅटची ट्यूब २३० व्होल्टवर ८७ मिलिअँपियर घेते. तो त्याचे काम चोख करत होता.

उपाय कागदावर सोपा आहे : बॅटरीवर चालणाऱ्या सर्किटांना वेगळा छोटा डीबी, त्यांची स्वतःची न्यूट्रल पट्टी आणि स्वतःचा आरसीसीबी, आणि त्या न्यूट्रलचा घरातल्या बाकीच्या न्यूट्रलशी कुठेही संबंध नाही. अडचण भिंतीच्या आत आहे. इमारत बांधताना आईच्या खोलीचा न्यूट्रल हॉलच्या स्विचबोर्डातून नेलेला आहे आणि त्याच तारेवर पुढे बाथरूमच्या गिझरचा पॉइंटही निघतो. तेव्हा तांबे महाग आणि घरात दोन बल्ब असत. त्या माणसाने तार वाचवली, यात मला राग येत नाही. पण ती वाचवलेली तार आता मला भरून द्यावी लागणार.

रविवार, २७ एप्रिल

नव्या न्यूट्रलसाठी पाइपमध्ये तार ओढायची स्प्रिंग घातली, ती दोन ठिकाणी अडली. पाइपात सिमेंट उतरलेले आहे. तिथे भिंत न फोडता छताजवळून उघडी केसिंग पट्टी नेली. दिसायला वाईट दिसते. आईने वर पाहून “राहू दे, मला छताकडेच बघायचे असते, ओळखीचे होईल” असे म्हटल्यावर तो विषय मिटला.

रविवार, ४ मे

आजची नोंद मोठी आहे, कारण आज जे आढळले ते आढळले नसते तर काम पूर्ण झाले असे समजून मी वही मिटली असती.

नवा डीबी बसला, ट्यूब लागली, काही पडले नाही. मुख्य स्विच पाडला, घर बॅटरीवर गेले. नव्या आरसीसीबीचे चाचणीचे बटण दाबले, खटका पडला, वायरमननी समाधानाने हात पुसले. मी कारखान्यातून आरसीसीबी तपासण्याचा मीटर मागून आणला होता, तो केवळ रिवाज म्हणून लावला. मुख्य पुरवठ्यावर ३० मिलिअँपियरची गळती दिल्यावर खटका २६ मिलिसेकंदांत पडला. तीच गळती बॅटरीवर असताना दिली, तर काहीच झाले नाही. तीन वेळा दिली. काहीच नाही.

बटण दाबल्यावर पडणारा खटका खऱ्या गळतीला का पडत नाही, याचे उत्तर बटणाच्या रचनेत आहे. ते बटण एका रोधातून फेज आणि न्यूट्रल यांच्यातच थोडा प्रवाह वळसा घालून सोडते. त्याला अर्थिंगची गरजच नसते. माणसाला बसणारा झटका मात्र फेजमधून शरीरात, शरीरातून जमिनीत आणि जमिनीतून परत न्यूट्रलपर्यंत असा प्रवास करतो. तो शेवटचा टप्पा शक्य होतो, कारण वितरणाच्या जाळ्यात न्यूट्रल जमिनीशी जोडलेला असतो. आमचा इन्व्हर्टर बॅटरीवर गेला की फेज आणि न्यूट्रल दोन्ही बाहेरच्या जाळ्यापासून तोडतो, तसे त्याने तोडलेच पाहिजे. पण त्या क्षणी घरातला न्यूट्रल अधांतरी होतो. एका बिघाडापुरते हे सुरक्षित वाटते, कारण परतीची वाटच नसते. दुसरा बिघाड दुसऱ्या उपकरणात झाला की मात्र खटका आंधळा असतो, आणि पहिला बिघाड झाला हे तोपर्यंत कुणालाच कळलेले नसते.

इन्व्हर्टरच्या माहितीपुस्तिकेत याची सोय सापडली : बॅटरीवर असतानाच न्यूट्रल आणि अर्थ जोडणारा आतला रिले, जो कारखान्यातून बंद स्थितीत येतो. ही जोड तारेने कायमची देऊन चालत नाही, कारण मुख्य पुरवठा परत आला की परतीचा काही प्रवाह अर्थच्या तारेतूनही वाहू लागतो. रिले चालू केला, मग बॅटरीवर तीच चाचणी : २८ मिलिसेकंद. वायरमननी मीटर हातात घेऊन स्वतः पुन्हा करून पाहिले. मागे बसवलेल्या तीन-चार घरी जाऊन येतो, असे ते जाताना म्हणाले. आजच्या दिवसात मला सर्वात बरे वाटले ते या वाक्याने.

रविवार, ११ मे

पूर्ण रिकामी होईपर्यंतची चाचणी. आईला ऑक्सिजन रात्रीच लागत असल्याने ही चाचणी मुद्दाम दिवसा केली आणि यंत्र नुसतेच चालू ठेवले. सकाळी ९ वाजता मुख्य स्विच पाडला आणि पहिल्याच क्षणी चूक कळली : कॉन्सन्ट्रेटरने शिटी वाजवली आणि तो बंद होऊन परत सुरू झाला. तो असा थांबला की ऑक्सिजनची शुद्धता पूर्ववत व्हायला काही मिनिटे जातात. इन्व्हर्टर साध्या मोडवर होता. यूपीएस मोडवर घेतल्यावर बदल सुमारे १० मिलिसेकंदांत होतो आणि यंत्राला तो जाणवला नाही. या मोडमध्ये व्होल्टेज थोडे घसरले तरी इन्व्हर्टर बॅटरीवर उडी मारतो, ते पत्करले.

दुपारी २ वाजता पडद्यावर ५२ टक्के. सव्वापाच वाजता २४ टक्के दिसत असताना आकडा एकदम १७ वर आला. या रसायनाच्या सेलचे व्होल्टेज मधल्या बहुतेक पट्ट्यात जवळजवळ सपाट राहते, त्यामुळे व्होल्टेजवरून शिल्लक ओळखता येत नाही. बॅटरीतला नियंत्रक आत-बाहेर गेलेला प्रवाह मोजून अंदाज बांधतो आणि पूर्ण चार्ज झाल्यावरच तो अंदाज दुरुस्त होतो. म्हणून २० टक्क्यांच्या खालचा आकडा विश्वासाचा धरायचा नाही. ६ वाजून ५ मिनिटांनी १० टक्क्यांवर पुरवठा तुटला. एकूण ९ तास ५ मिनिटे.

सोमवार, २६ मे

मोसमी पाऊस आज मुंबईत पोहोचला, ११ जून या नेहमीच्या तारखेच्या १६ दिवस आधी. गॅलरीतून येणाऱ्या केबलच्या भोकाला ग्लँड (पाणी अडवणारी घट्ट कडी) लावायचे काम जूनच्या पहिल्या आठवड्यासाठी ठेवले होते. छत्री धरून आजच केले.

रविवार, १५ जून

बिल पाहून एक गोष्ट लक्षात आली, जी विकणाऱ्याने सांगितली नव्हती आणि मीही विचारली नव्हती. इन्व्हर्टर काहीही न करता ४० वॅट घेतो. दिवसाला जवळपास एक युनिट, महिन्याला २९. आम्ही यासाठी तो बंद ठेवणार नाही, पण ज्यांच्याकडे वर्षातून दोनदा लाईट जाते आणि ज्यांना फक्त पंखा हवा आहे, त्यांनी हा आकडा आधी पाहावा. चार्जिंगची वरची मर्यादा ५५.२ व्होल्टवर आणली; सेलला ३.४५ व्होल्ट पुरेसे आहेत आणि उकाड्यात काठोकाठ भरलेली बॅटरी लवकर म्हातारी होते.

मंगळवार, १९ ऑगस्ट

चार दिवसांच्या पावसानंतर दुपारी ४ वाजून ४० मिनिटांनी पुरवठा बंद झाला. खाली रस्ता दिसत नव्हता. संध्याकाळी चेंबूरकडे मोनोरेल वरच अडकून पडल्याची आणि अग्निशमन दलाने प्रवाशांना शिड्यांवरून उतरवल्याची बातमी मोबाइलवर पाहिली. आमच्या घरात दोन पंखे, एक ट्यूब आणि राउटर चालू होते; फ्रिज मी लगेच बंद केला. दुसऱ्या मजल्यावरच्या लहान मुलीचा नेब्युलायझर सातच्या सुमारास वर आणला, दहा मिनिटे चालवला. नंतर मोबाइल आले, सहा की सात. आईने साडेनऊला नळी लावली आणि ती झोपली. तिच्या उशाशी १५०० लिटरचे सिलिंडर आहे, मिनिटाला दोन लिटरने बारा तासांचे. बॅटरी आली म्हणून ते परत केलेले नाही आणि करणार नाही.

पुरवठा रात्री १ वाजून २५ मिनिटांनी आला. बॅटरीत ४३ टक्के होते.

अकरा वाजता मात्र नळाचे पाणी संपले. पाच हॉर्सपॉवरचा पंप चाळीस मिनिटे चालवायला अडीच युनिट पुरतात, तेव्हा सोसायटीसाठीही बॅटरी घ्यावी असे सचिवांनी जिन्यात टॉर्चच्या उजेडात सुचवले. पंप तळमजल्यावरच्या खड्ड्यात आहे आणि त्या वेळी तो पाण्याखाली होता. आधी पंपाची जागा वर न्यावी लागेल, असे त्यांना सांगितले. ते रविवारच्या सभेत मांडायला मला बोलावत आहेत. वायरमननाही यायला सांगितले आहे.